नेणार की येणार?

ताई,

मी २९ वर्षांची, फोंडा तालुक्यातली. कुंडईला एका औषध कंपनीत नोकरी करते. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण मनातलं लिहायला बसले की मराठीच येते, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

दोन मोसम झाले, मी आसगावला एका जुन्या घराच्या सालात (दिवाणखान्यात) टँगो हा दक्षिण अमेरिकेतला जोडीचा नाच शिकायला जाते. आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून. मला लीड करायला, म्हणजे जोडीदाराला नेत नाचायला, शिकायचं आहे. सर म्हणतात, बायकांनी आधी तीन वर्षं फॉलो करावं, म्हणजे नेणाऱ्याबरोबर जावं, मग बघू. पुरुषांना मात्र ते पहिल्या दिवशीच लीड शिकवतात. दोन बायका एकत्र नाचायला लागल्या की कुणीतरी म्हणतंच, 'चला, पुरुष कमी पडले.'

तिथेच मला म्हापशाची एक मुलगी भेटली. तिला इथे 'स' म्हणते. आमचं एकमेकींवर प्रेम आहे. आमचा नाचतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कुणीतरी न विचारता इन्स्टाग्रामवर टाकला. तो चुलतभावानं बघितला आणि दादाला पाठवला. दादा म्हणाला, 'असलं काही करायचं असेल तर या घरात वाटा मागू नकोस.' आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी पेज गाळताना, पाठमोरी उभी राहूनच तिनं विचारलं, 'तो नाच होता की आणखी काही?' मी म्हटलं, 'नाच.'

तेव्हापासून वाटतं, मी आईशी खोटं बोलले. स म्हणते, तू मला पुसून टाकलंस. परदेशात क्विअर टँगोचे, म्हणजे कुणीही कुणाबरोबर हव्या त्या भूमिकेत नाचावं अशा टँगोचे, महोत्सव होतात असं आता कळलं आहे. तीन लाख रुपये साठवलेत. जावंसं फार वाटतं, पण ते पळून जाणं ठरेल का?

— अबोली, फोंडा (नाव बदललं आहे)

•

अबोली,

तू खोटं बोलली नाहीस. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण बाकीचं पत्र तू त्या ओझ्याखाली वाकून लिहिलेलं दिसतं. आईनं विचारलं, तो नाच होता का. तो नाच होता. 'आणखी काही' आहे, तेही खरं, पण ते तुझं आणि सचं आहे. ते कधी, कुणाला, किती सांगायचं हे तुम्ही दोघींनी ठरवायचं होतं, आणि एका अनोळखी माणसानं फोन उचलून ते तुमच्याआधी ठरवून टाकलं. याचा तुला राग यायला हवा होता. तुझ्या पत्रात राग कुठे नाही, नुसती अपराधी भावना आहे, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

आईकडे मी परत येते. आधी नाचाबद्दल बोलू दे. मी स्वतः चाळिशीनंतर टँगो शिकले, आणि घरच्यांशी कसं बोलावं हे मला त्या नाचानं शिकवलं, म्हणून हा क्रम.

तुझ्या सरांच्या बोलण्यात अर्धं शहाणपण आहे. ज्याला फॉलो करता येतं तो लीड चांगला करतो, यात वाद नाही. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुलगे नेमके असेच शिकत. संध्याकाळी पुरुषांच्या सरावाला जायचं. नवख्यानं आधी कितीतरी महिने दुसऱ्या पुरुषाच्या मिठीत फॉलो करायचं, ते अंगात भिनलं की लीड करायला लागायचं, आणि त्यानंतर कुठे मिलोंग्यात, म्हणजे टँगोच्या नाचाच्या बैठकीत, बाईला नाचायला बोलवायची हिंमत करायची. तेव्हा सरांचा नियम टँगोचा असेल तर तो आसगावच्या पुरुषांनाही लागू व्हायला हवा. त्यांना लागू होत नाही, म्हणजे ही तीन वर्षं टँगोनं मागितलेली नाहीत. वर्ग संपल्यावर, चारचौघांत नव्हे, सरांना एवढंच म्हण: 'सर, मला दोन्ही शिकायचं आहे. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस मी लीडच्या बाजूला उभी राहते.' परवानगी मागितल्यासारखं बोलू नकोस, कळवल्यासारखं बोल. ते नाही म्हणाले तर तो वर्ग फॉलो शिकण्यापुरता ठेव आणि लीड दुसरीकडे शीक. कसं, ते खाली सांगते.

इथे एक काळजी घे. शंभर वर्षांपूर्वीचे, कोट-टोपी घातलेले दोन पुरुष टँगो नाचत आहेत असे फोटो तुला सापडतील, आणि 'बघा, टँगो पहिल्यापासून आमचाच' असं म्हणावंसं वाटेल. मलाही वाटलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, ब्युनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ या बंदरांत हा नाच घडला. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा ठेका त्यात आहे, इटली-स्पेनहून पोटासाठी आलेल्यांची घरची आठवण त्यात आहे. आलेल्यांत पुरुष फार, बायका थोड्या. नाच चांगला आला तर बाई हो म्हणेल, म्हणून पुरुष आपसांत घोटून घेत. त्या फोटोतल्या कुणाच्या मनात काय होतं हे फोटो सांगत नाही, आणि आपल्या गरजेसाठी त्यांच्या तोंडी काही घालू नये. त्या फोटोंतून आपल्याला कळतं ते एवढंच: टँगोची मिठी पुरुष-बाई अशा जोडीनंच पुरी होते, हे टँगोच्या शरीरात कुठेच लिहिलेलं नाही. तुझ्या कामाला तेवढं पुरेसं आहे.

क्विअर टँगो हे नाव घेऊन पहिला महोत्सव भरला तो २००१ साली, जर्मनीत, हॅम्बुर्गला. त्यानंतर ब्युनोस आयर्समध्ये समलिंगी नाचणाऱ्यांचे मिलोंगे उघडपणे सुरू झाले. सान तेल्मो या जुन्या वस्तीत मारियाना दोकाम्पो या लेखिकेनं आपला मिलोंगा सुरू केला. तिथे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला दोन्ही भूमिका शिकवल्या जात. २००७ पासून त्या शहरातही आंतरराष्ट्रीय महोत्सव होऊ लागला. पुढे बर्लिन, कोपनहेगन, पॅरिस. टँगोच्या जागतिक स्पर्धेत २०१३ पासून दोन पुरुषांची किंवा दोन बायकांची जोडी उतरू शकते. अर्जेंटिनात समलिंगी विवाहाचा कायदा झाला तो जुलै २०१० मध्ये, लॅटिन अमेरिकेत पहिला. युनेस्कोनं टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं त्याच्या आदल्याच वर्षी. हे सगळं तुझ्या जन्मानंतरचं आहे, अबोली. त्यात आधीच्या पिढ्यांतल्या कितीतरी जणांची वाट बघणं आहे.

आणि या लोकांनी नाचात बदललं काय? संगीत तेच. पावलं तीच. तांदाही तोच: एकाच वाद्यवृंदाचे तीन-चार टँगो सलग, मग कोर्तिना, म्हणजे दुसऱ्याच कसल्यातरी संगीताचा तुकडा, तेवढ्यात जोड्या बदलायच्या. जमिनीवरचा फेराही तोच, घड्याळाच्या उलट दिशेनं, आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट. मी सान तेल्मोत पहिल्यांदा गेले त्या रात्री भिंतीला चिकटून बसले होते. साठीच्या पुढच्या एका बाईनं लांबून नजर दिली, मी मान हलवली, ती जवळ आली. हात पुढे करण्याआधी तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'नेणार की येणार?' चार वर्षं मी नाचत होते, आणि हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मला उत्तर देता येईना. ती तशीच उभी राहिली, मिठी न घेता, पहिलं गाणं अर्धं होऊन गेलं तरी. मग मी म्हटलं, 'येणार. दुसऱ्या गाण्याला नेणार.' ती हसली आणि आम्ही नाचलो.

मिठीआधीचा तो प्रश्न, आणि उत्तराला दिलेला तो वेळ. क्विअर टँगोनं जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या लेखी ही आहे. म्हणून तिथे नवरा-बायकोही येतात, बाई नेते, नवरा डोळे मिटून मागे पावलं टाकतो, आणि तांद्याच्या मधेच दोघं भूमिका बदलतात. तुला आणि सला तिथे 'पुरुष कमी पडले' असं कुणी म्हणणार नाही.

आता लीडबद्दल. लीड म्हणजे ओढणं नव्हे, हे सरांनी सांगितलं असेलच. सुरुवातीला एकच गोष्ट शीक: तिचं वजन या क्षणी कुठल्या पायावर आहे. ते कळलं नाही तर जगातली सगळी पावलं पाठ असून उपयोग नाही. सच्या मिठीत उभी राहा, चालू नकोस. एक अख्खं गाणं फक्त वजन डाव्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर ने, आणि मधेच थांब. ती तुझ्याबरोबर थांबली का बघ. मग साधं चालणं. तुझ्या छातीनं दिशा सुचवायची, तिनं पाऊल टाकायचं, आणि ते पुरं होईपर्यंत तू थांबायचंस. तुझी घाई तिला पायात गोळा आल्यासारखी जाणवते. संगीत म्हणून कार्लोस दि सार्ली यांच्या वाद्यवृंदाचे पन्नासच्या दशकातले, नुसत्या वाद्यांचे टँगो घे. ते चालण्यासाठीच जन्मल्यासारखे आहेत. हुआन दारिएन्सोचा वाद्यवृंद नंतर, त्याचा ठेका नवशिक्या लीडरला पळवतो.

आणि एक गोष्ट तुला आधीपासून येते, ती तुझ्या सरांना येत नसेल. तू चवथीला, गणपतीत, फुगडी घालत असशील. हात आडवे धरून, पाय जवळ, दोघी मागे झुकलेल्या, एकीनं हात सोडला तर दुसरी पडणार. टँगोत याला कोल्गादा म्हणतात: दोघांच्या मधे एकच अक्ष, दोघं बाहेरच्या बाजूला लोंबकळलेले, एकमेकांच्या वजनावर तोललेले. मी पाहिलं आहे, ही गोष्ट शिकताना लोक घाबरून एकमेकांना चिकटतात. आपल्या मुलींना पहिल्या खेपेला जमते. पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागी, धालो हा नाच खेळताना बायका कमरेत हात घालून रांगेनं पुढे वाकतात, मागे येतात, तिथे कुणी पुरुष कमी पडल्याची तक्रार केलेली मी ऐकलेली नाही. तुझ्या शरीराला बाईबरोबर तोल साधायची सवय लहानपणापासूनची आहे.

मोसम संपला की परदेशी मंडळी जातात आणि वर्ग बंद होतो, म्हणून जून ते सप्टेंबर तुमचे चार महिने फुकट जातात, हो ना? ते महिने लीड शिकायला वापर. फोंड्यात किंवा म्हापशात एखादा गुळगुळीत लाद्यांचा सोपा, म्हणजे पडवी, शोध, कुणाच्या तरी घरचा. चार माणसं पुरेत, सहा असली तर उत्तम. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास. याला प्राक्तिका म्हणतात, सराव. तीन नियम ठेवा आणि पहिल्याच दिवशी मोठ्यानं बोला: प्रत्येक गाण्याआधी भूमिका विचारायची, न विचारता कुणाला सुधारायचं नाही, आणि फोन दाराजवळच्या टोपलीत. तिसरा नियम तुझ्यामुळे सुचला. गोवा लहान आहे. कुठल्याही व्हिडिओत कुणाची तरी मावशी निघते. आसगावच्या वर्गातही हा नियम माग, आणि ज्यानं तो व्हिडिओ टाकला त्याला काढून टाकायला सांग. तुला लिहायला अवघड वाटत असेल तर सनं लिहावं.

आता दादा. त्याच्या धमकीचं उत्तर लहान आहे. गोव्याचा वारसाहक्काचा कायदा तुझ्या बाजूनं आहे. इथे आईवडिलांना आपल्या मालमत्तेतला अर्धाच भाग मृत्युपत्रानं हव्या त्या माणसाला देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा, मुलगा आणि मुलगी सारखे. त्यातून एखाद्या मुलाला वगळायचं तर कायद्यात मोजून दिलेली कारणं लागतात, आणि तू कुणावर प्रेम करतेस हे त्या कारणांत नाही. वाटा देणं-न देणं दादाच्या हातात तर मुळीच नाही. एकदा वकिलाकडे जाऊन कागद दाखव, म्हणजे रात्री झोप लागेल. त्याला मात्र यातलं काही ऐकवू नकोस. भीतीच्या भरात बोललेलं वाक्य कायद्यानं खोडलं की माणूस त्या वाक्याला आणखी घट्ट धरतो.

घरात कुणी 'डॉक्टरकडे नेऊ, बरी होशील' म्हणालं तर ते मात्र ऐकून घेऊ नकोस. बरं होण्यासारखं यात काही नाही. असले 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मन फार जड झालं, रात्र निघेनाशी झाली, तर १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर केव्हाही फोन कर. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण आठ दिवसांचा अबोला मला माहीत आहे.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं आपल्यासारख्यांचं प्रेम गुन्ह्यातून बाहेर काढलं. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते नवतेजसिंग जोहर भरतनाट्यम नर्तक आहेत. एका नाचणाऱ्या माणसानं दार ठोठावलं होतं, हे मला कायम आठवतं. लग्नाचा हक्क अजून नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं तो दिला नाही आणि त्या संध्याकाळी मी खूप रडले. तुझ्या आणि सच्या पुढच्या आयुष्याचे कागद, नॉमिनी, मृत्युपत्र, आजारपणात कोण सही करणार, हे तुम्हाला हातानं एकेक करून बांधावं लागेल. आज नाही. पण विसरू नका.

तर आता आई.

तुझी आई फोंड्याची. म्हणजे जत्रेतली नाटकं तिनं लहानपणापासून पाहिली असतील, नाट्यसंगीत तिच्या कानांत असेल. मंगेशी तुमच्याच तालुक्यात. तिथले मास्टर दीनानाथ तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत, आणि लोक त्या रूपावर जीव टाकत. पेडण्याकडे दशावतारात आजही पुरुष लुगडं नेसून पहाटेपर्यंत राणी होतो आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या डोळे पुसतात. तुला वाटेल, आईला हे सांगावं: तुला ते चालतं, मग माझं का नाही? सांगू नकोस. निदान आत्ता नको. रंगमंचावर जे चालतं ते स्वतःच्या चुलीपाशी चालेलच असं नसतं, आणि हे तिलाही कळतं. वादात तू जिंकशील आणि ती परत पाठ फिरवेल. ही माहिती तू स्वतःपाशी ठेव, आई परक्या मुलखातली नाही हे तुला आठवत राहावं म्हणून.

तिच्या प्रश्नाकडे मात्र नीट बघ. आठ दिवस गप्प राहून तिनं पेज गाळताना विचारलं. तुझ्याकडे न बघता विचारलं, म्हणजे तुलाही तिच्या तोंडाकडे बघावं लागू नये. 'हे काय लावलंयस' असं ती म्हणू शकली असती. तिनं दोन दारं उघडी ठेवली: नाच, की आणखी काही. मला तर ती मिठीआधी थांबलेली दिसते. तू पहिल्या दारानं गेलीस. दुसरं अजून उघडं आहे, आणि त्यातून केव्हा जायचं हे तू ठरवायचंस. घाई नको. पण ते कायमचं बंद आहे असं समजून तू स्वतःच त्याला कडी घालू नकोस.

मी माझ्या आईला सांगितलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. फार उशीर केला. ती पडवीत नारळ सोलत होती. मी सांगितलं, एका बाईबरोबर राहते, मैत्रीण म्हणून नव्हे. तिनं दोन नारळ सोलून होईपर्यंत तोंड उघडलं नाही. मग विचारलं, 'ती शिवराक की नुस्तें खाणारी?' म्हणजे शाकाहारी की मासे खाणारी. मी म्हटलं, खाते. त्यापुढे ती त्या दिवशी काही बोलली नाही. चवथीला माझ्या जोडीदारणीला घरी आण, हे म्हणायला तिला आणखी दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं कठीण गेली, मी तुला गोड करून सांगणार नाही. एकदा तिनं फोन मधेच ठेवला होता. एकदा मी ठेवला. पण त्या पहिल्या प्रश्नात ती आमच्या तिघींच्या ताटांचा हिशोब करत होती, हे मला फार पुढे कळलं.

तू तयार होशील तेव्हा सगळं एकदम सांगायला हवं असं नाही. आधी नाचच तिला दाखव. व्हिडिओ नको, त्या व्हिडिओनं पुरेसं केलं आहे. स्वयंपाकघरात, तिच्यासमोर, एकटीनं चालून दाखव. टँगोचं चालणं कसं असतं, मागे पाऊल टाकताना भरवसा कसा ठेवावा लागतो, हे सांग. तिला फुगडी येत असणारच. म्हण, 'आई, हात दे.' कोल्गादा करून दाखव. ती हसली तर बरं, नाही हसली तरी तिचे हात तुझ्या हातात आले. पुढचं बोलणं त्या दिवशी होईल किंवा सहा महिन्यांनी होईल.

आणि सला काय सांगायचं? ती दुखावली आहे, आणि तिचं दुखणं खरं आहे. 'नाच' या एका शब्दात तिला जागा मिळाली नाही. तिला समजावत बसू नकोस, की तू बरोबर होतीस. तिला विचार: 'माझ्या आईला सांगायचं तेव्हा तुझ्याबद्दल मी काय सांगावं असं तुला वाटतं?' तिच्या घरी काय माहीत आहे, तिनं कुणाला काय सांगितलं आहे, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, तू तिलाही विचारलेलं नसावंस. दोघींनी बसून ठरवा की कुठल्या माणसासमोर तुम्ही कोण असणार. जिथे आत्ता मैत्रिणी म्हणायचं तिथे दोघींनी मिळून म्हणायचं, म्हणजे एकीनं दुसरीला पुसल्यासारखं होणार नाही.

शेवटी तुझे तीन लाख. जा. पण यंदा नको. आत्ता गेलीस तर आईचा अबोला पाठीवर घेऊन जाशील आणि नाचाच्या जमिनीवरही फोन बघत बसशील. तुला जे पळणं वाटतं आहे ते तेवढंच. वर्षभर लीड कर, मग जा, म्हणजे कुणी विचारलं की दोन्ही उत्तरं तुझ्याकडे असतील. ब्युनोस आयर्सचं तिकीटच साठवणीचा मोठा भाग खाईल. पहिल्या खेपेला युरोपातला एखादा महोत्सव बघ, दिवसा वर्ग आणि रात्री मिलोंगा अशा चार-पाच दिवसांचा. व्हिसासाठी बँकेची पासबुकं, कंपनीचं रजेचं पत्र हे आधीपासून जमव. सला जमत असेल तर दोघी जा, पण तिथे गेल्यावर सगळे तांदे एकमेकींबरोबर नाचू नका. पहिल्या रात्री निदान चार अनोळखी माणसांबरोबर नाच, त्यांतल्या दोघांना तू ने.

टँगोचे जोडे इथेच बनवून घे, लीडसाठी सपाट किंवा अगदी बुटक्या टाचेचे, तळवा चामड्याचा. पणजी-म्हापशात अजून हातानं जोडे शिवणारे आहेत, पाय कागदावर ठेवून माप द्यायचं. तोपर्यंत सुती मोजे घालून लाद्यांवर सराव कर, छान घसरतं. आणि जोडे आले की पावसात ते कपाटात बंद ठेवू नकोस, आठवड्यात बुरशी धरतात. आत वर्तमानपत्र कोंबून चुलीच्या जवळच्या फळीवर ठेव, आईला दिसतील असे.